राखेखालचा विस्तव : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांस अनावृत पत्र

महाराष्ट्र राज्याचे सार्वजनिक आरोग्यमंत्री यांस,



कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी अडतीस वर्षे दवाखाना चालवून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, आणि त्यानंतर जुनी दप्तरे निकालात काढावी म्हणून उघडून बसलो असता एका रुग्णेच्या नोंदी हाती लागल्या. अक्षर माझेच, परंतु त्या नोंदींचा एकमेकींशी असलेला संबंध त्या लिहीत असताना मला उमगला नव्हता, आणि तो न उमगणारा मी एकटाच नव्हतो, म्हणूनच हे पत्र अर्जाच्या रूपाने आपल्या कचेरीच्या बारनिशीत न पाठविता सर्वांसमक्ष लिहीत आहे.

बाई चव्वेचाळीस वर्षांची, शेतमजुरी करणारी, अंगाने सडसडीत. पहिल्या नोंदीत 'दाढ दुखते, हिरड्यांतून रक्त, तोंडास दुर्गंधी' एवढाच मजकूर आहे आणि त्यापुढे वेदनाशामक गोळ्यांचे नाव. त्यानंतर दीड वर्षाने, मुंबईस नोकरीला लागलेल्या मुलाच्या आग्रहावरून तिने रक्त तपासून घेतले. साखर बेताची, रक्तदाब बेताचा, कोलेस्टेरॉल मर्यादेच्या आत. आणि त्या कागदावर बोट ठेवून मी तिला हृदयाच्या बाबतीत निर्धास्त राहावयास सांगितले. उठताना तिने कनवटीची पत्र्याची डबी चाचपून पाहिली, ते मला आजही दिसते. तिची तर्जनी पहिल्या पेरापर्यंत काळवंडलेली होती. मिश्री लावणाऱ्या बाईचे बोट असेच असते, कितीही धुतले तरी नखाच्या कडेचा काळेपणा जात नाही. तिसरी नोंद त्यानंतरच्या भाद्रपदातील आहे. आठवडाभर ताप-खोकला अंगावर काढून एके पहाटे ती छातीवर मूठ दाबीत दवाखान्याच्या पायरीशी आली, आणि जिल्ह्याच्या गावी नेणारी गाडी वाटेत असतानाच गेली.

एका रुग्णेवरून सिद्धान्त काढणे हे शास्त्र नव्हे, आणि हिरडीने तिचा प्राण घेतला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु सडत चाललेली हिरडी, तोंडातील जळकी तंबाखू, चुलीपुढे गेलेली पंचवीस-तीस वर्षे आणि अंगावर काढलेला ताप ही चार कलमे मी चार निरनिराळ्या खात्यांत मांडीत आलो होतो, हृदयाच्या खात्यात त्यांतले एकही नव्हते, आणि गेल्या पाव शतकातील संशोधन वाचल्यावर ती चारही तेथेच मांडावयास हवी होती असे माझे मत झाले आहे. आपल्या खात्याचे कागदही आज तशाच चार ठिकाणी विभागलेले आहेत. माझे सांगणे मुख्यतः त्याविषयी आहे; पण ते पटण्यासाठी आधी थोडे शास्त्र सांगणे प्राप्त आहे.

ज्या क्रियेला वैद्यकात शोथ किंवा दाह म्हणतात, तिला आपल्या बोलीत नेमका एक शब्द नाही, आणि मला वाटते, पुष्कळसा घोटाळा येथूनच सुरू होतो. आपण 'सूज' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे मुरगळलेला घोटा येतो. 'आग' म्हणतो तेव्हा पित्त आठवते. पायात काटा मोडला म्हणजे ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. ही चार लक्षणे केल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने पहिल्या शतकातच टिपून ठेवली होती. काट्याबरोबर आत शिरलेल्या जंतूंवर रक्तातील पांढऱ्या पेशी तुटून पडतात, त्यांना गिळतात, पाडाव झालेल्यांचा निचरा करतात आणि काम संपताच पांगतात, अशी ही व्यवस्था असून ती नसती तर मनुष्य लहानपणीच एखाद्या खरचटण्याने मेला असता. म्हणजे दाह हा शत्रू नव्हे. तो पहारेकरी आहे. परंतु जो दाह पांगत नाही, ज्याला दुखणे नाही, लाली नाही, आणि जो वर्षानुवर्षे शरीरात मंदपणे चालू राहतो, त्याची गोष्ट वेगळी. आपल्याकडे रात्री चुलीतील निखाऱ्यांवर राख ओढून ठेवीत आणि सकाळी ती बाजूस सारून त्याच विस्तवावर नवी गोवरी पेटवीत. रात्रभर पाहणाऱ्यास चूल विझलेलीच दिसे. हा दुसऱ्या प्रकारचा दाह तसा आहे.

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणी कशा बुजतात हे रुग्णांना समजावताना मी अनेक वर्षे नळाचा दृष्टान्त देत असे. नळात गाळ साचतो, तशी रोहिणीत चरबी साचते. गाळ वाढला की पाणी बंद. दृष्टान्त सोपा होता, आणि सोपा होता म्हणूनच तो घातक ठरला, कारण नळाचे लोखंड मेलेले असते आणि रोहिणीची भिंत जिवंत असते. त्या भिंतीचा सर्वांत आतला थर एकाच पेशीइतका जाड, आणि निरोगी अवस्थेत इतका गुळगुळीत की त्याला काहीच चिकटत नाही. तंबाखू, धूर, वाढलेला दाब, वाढलेली साखर यांनी तो थर दुखावला म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉलचे सूक्ष्म कण त्याच्या खाली शिरून अडकतात आणि तेथे त्यांचे विकृतीकरण होते. थराच्या पेशी जणू हात बाहेर काढून रक्तातून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना थांबवितात. त्या भिंतीत उतरतात आणि तेथील चरबी गिळू लागतात. पोट भरले तरी त्यांचे गिळणे थांबत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्या साबणाच्या फेसासारख्या दिसतात, आणि त्यांचे नावही फेसाळ पेशी असेच पडले आहे. चरबी अति झाली म्हणजे ती स्फटिकरूप होते. त्या टोकदार स्फटिकांनी पेशीच्या आतच धोक्याची घंटा वाजते. पेशी आणखी पेशींना बोलावणारी द्रव्ये सोडते, आणि काटा नसताना, जंतू नसताना, एक जखम भिंतीच्या पोटात चालू राहते.

या जखमेवर शरीर तंतूंचे एक झाकण घालते, आणि माणसाचे आयुष्य त्या झाकणाच्या मजबुतीवर अवलंबून राहते. दाह शमला असेल तर झाकण जाड आणि घट्ट होते. मार्ग काहीसा अरुंद झाला तरी माणूस चढावर थोडा धापा टाकीत का होईना, पुष्कळ वर्षे जगतो. दाह पेटलेला असेल तर त्याच पेशी झाकणाचे तंतू कुरतडणारी द्रव्ये सोडतात, झाकण पातळ होत जाते, आणि एखाद्या पहाटे फाटते. आतील मालमसाला रक्ताला लागताच तेथे गुठळी बनते आणि काही मिनिटांत मार्ग बंद होतो. म्हणूनच हृदयविकाराचा झटका पुष्कळदा अशा जागी येतो की जेथे आदल्या दिवशी मार्ग निम्मासुद्धा बुजलेला नव्हता. 'परवाच तर सगळे तपासून आला होता' असे घरची माणसे रडत सांगतात, ते खोटे नसते.

हा विचार अगदी नवा नाही. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ विर्खो याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच रोहिणीच्या भिंतीतील हा विकार दाहजन्य असल्याचे प्रतिपादन केले होते आणि व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कीशी त्याचा यावर मोठा वाद झाला होता. पुढे 1913 साली रशियात आनिच्कॉव्ह याने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिणींत चरबीचे थर उत्पन्न करून दाखविले आणि विसाव्या शतकाचा मोठा भाग चरबीच्या विचारातच गेला. तो व्यर्थ गेला असे कोणी समजू नये. रसेल रॉस या अमेरिकी शास्त्रज्ञाने दुखावलेल्या भिंतीचा सिद्धान्त 1970 नंतरच्या दशकात मांडला, आणि 1999 साली या विकाराला दाहजन्य रोगांच्या पंक्तीत निःसंदिग्धपणे बसविले. तथापि त्याच्याही मांडणीत चरबीला सुटका नव्हती. लाकूड आणि ठिणगी यांपैकी आगीचे खरे कारण कोणते, असा हा प्रश्न होऊ शकत नाही.

राखेखाली विस्तव आहे की नाही हे वरून ओळखण्याची एक खूण रक्तात सापडते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत 1930 साली टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक प्रथिन आढळले, ते जंतूंच्या 'सी' नावाच्या शर्करेशी संयोग पावत असे. त्यावरून त्याचे नाव सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सीआरपी. शरीरात कोठेही दाह पेटला की यकृत ते बनवू लागते. बॉस्टनच्या पॉल रिडकर यांनी 1997 साली असे दाखविले की, वरवर निरोगी असलेल्या पुरुष डॉक्टरांपैकी ज्यांच्या रक्तात हे प्रथिन सर्वाधिक होते त्यांना पुढील वर्षांत हृदयविकाराचा झटका येण्याचा संभव, सर्वांत कमी असलेल्यांच्या सुमारे तिप्पट होता. सूक्ष्म मापनात लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आत असेल तर धोका कमी, 3 च्या वर असेल तर अधिक, अशी ढोबळ विभागणी पुढे रूढ झाली. पण खूण म्हणजे कारण नव्हे. आनुवंशिकतेच्या अभ्यासांतून असे निष्पन्न झाले आहे की, ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतःच अधिक बनते त्यांना त्यामुळे हृदयविकार अधिक होत नाही. धूर दिसतो म्हणून धुराला काठी मारण्यात अर्थ नसतो.

मग दाह शमविला तर हृदय वाचते काय? या प्रश्नाचे उत्तर 2017 सालापर्यंत कोणाजवळही नव्हते. त्या वर्षी 10,061 रुग्णांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हे सर्व एकदा झटका येऊन गेलेले, आणि सर्वांच्या रक्तात ती खूण वाढलेली. त्यांतील काहींना कॅनाकिनुमॅब नावाचे औषध तीन महिन्यांतून एकदा टोचण्यात आले. हे औषध दाहाच्या साखळीतील इंटरल्यूकिन नामक द्रव्यांपैकी एकास बांधून टाकते आणि कोलेस्टेरॉलला स्पर्शही करीत नाही. दीडशे मिलिग्रॅमच्या मात्रेने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 15 टक्क्यांनी उतरले. माझ्या मते या विषयातील हा सर्वांत महत्त्वाचा आकडा होय, कारण चरबी तशीच ठेवून केवळ दाह शमविल्याने लाभ होतो, हे मनुष्याच्या देहात त्याने प्रथम सिद्ध केले. तथापि त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल: औषध घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने दगावणारे अधिक निघाले, एकूण मृत्यूंत फरक पडला नाही, आणि औषधाची किंमत अशी की आपल्या राज्याच्या तिजोरीने तिचा विचारही करू नये. लगोलग, सांधेवातावर स्वस्तात मिळणाऱ्या मेथोट्रेक्सेटचा असाच प्रयोग 4,786 जणांवर झाला आणि तो साफ निष्फळ ठरला. कोणताही दाह कोणत्याही औषधाने शमवून चालत नाही, असे त्याचे तात्पर्य.

येथे मला आपले लक्ष एका वेलीकडे वेधावयाचे आहे. श्रावणात सह्याद्रीच्या उतारांवर, कुंपणांच्या काट्यांतून, पानांच्या टोकांना आलेल्या तणाव्यांनी आधार धरीत कळलावी वर चढते, आणि तिची खाली पिवळी, वर लाल, मागे उलटलेली लांब पाकळ्यांची फुले पेटलेल्या ज्योतींसारखी दिसतात. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात ते याचसाठी. आमच्या गावच्या सुइणी तिच्या कंदाचा लेप अडलेल्या बाळंतिणीला लावीत, कळा लावणारी म्हणून कळलावी, असे सांगत. या वेलीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन नावाचे तेच द्रव्य आहे, जे युरोपात दुसऱ्या एका फुलझाडापासून काढून वातरक्ताच्या वेदनेवर पिढ्यान्‌पिढ्या वापरण्यात आले. ते अतिशय विषारी आहे आणि कंद खाऊन माणसे मेलेली आहेत. तेव्हा ही ओळ वाचून कोणी कुंपणाकडे वळू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. परंतु अर्धा मिलिग्रॅम इतक्या मोजून दिलेल्या मात्रेत ते पांढऱ्या पेशींची धावपळ मंद करते. कॅनडातून चाललेल्या 2019 सालच्या प्रयोगात, झटका येऊन महिना न झालेल्या 4,745 रुग्णांत त्याने पुढील आपत्तींचे प्रमाण 23 टक्क्यांनी घटविले. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलिया व नेदरलँड्‌स येथील 5,522 स्थिर रुग्णांत ते 31 टक्क्यांनी घटले. 2023 साली अमेरिकेच्या औषध नियामकाने या कामासाठी त्याला परवानगी दिली. आणि 2024 साली सात हजारांवर रुग्णांचा आणखी मोठा प्रयोग झाला, त्यात मात्र काहीच लाभ दिसला नाही. हे चित्र असे अर्धे उजळ आणि अर्धे काळोखात आहे. सबब, हे औषध सरसकट वाटावे अशी शिफारस मी करीत नाही. मूत्रपिंडे दुबळी असलेल्या रुग्णाला ते जीवघेणे ठरू शकते, काही सामान्य प्रतिजैविकांबरोबर तर निश्चितच. परंतु आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतील हृदयरोगतज्ज्ञांची एक समिती बसवून, कोणास द्यावे आणि कोणास देऊ नये याचा मराठीत लिहिलेला मसुदा तालुक्याच्या डॉक्टरच्या हाती पडेल, एवढी तजवीज आपण करू शकता. औषध स्वस्त आहे, म्हणून प्रश्न बाजारावर सोडू नये.

औषधांपेक्षा मला अधिक मोलाचे वाटते ते विस्तवाला वारा घालणाऱ्या गोष्टींचे निवारण, आणि या बाबतीत आपल्या लोकांची स्थिती विशेष नाजूक आहे. बावन्न देशांतील एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरीने त्रेपन्नाव्या वर्षी, म्हणजे इतरांच्या जवळजवळ सहा वर्षे आधी येतो असे आढळले. याची काही उकल पुण्यातच झाली आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली लंडनचे आपले सहकारी जॉन युडकिन यांच्या शेजारी उभे राहून काढलेले एक छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपला बारीक दिसणारा माणूस आतून बारीक नसतो. पोटाच्या आतड्यांभोवती साठलेली ही चरबी निमूटपणे पडून राहात नाही. तिच्यातही भक्षक पेशी शिरतात आणि तेथून दाहजनक द्रव्ये अहोरात्र रक्तात मिसळत राहतात. माझी रुग्णा सडसडीत होती आणि मी तिची कंबर कधीच मोजली नव्हती.

मिश्रीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मुंबईच्या कचेरीतून ही वस्तू नीट दिसत नसावी. तंबाखूची पाने तव्यावर किंवा निखाऱ्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटतात, आणि ती पूड सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने हिरडीवर घोळवितात. मग दुपारी एकदा, भांडी घासून झाल्यावर एकदा, निजताना एकदा. सासूकडून सुनेकडे ही सवय जाते आणि तिला कोणी व्यसन म्हणत नाही. बावन्न देशांच्या त्याच अभ्यासात, धूम्रपान न करता केवळ तंबाखू चघळणाऱ्यांना झटक्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला आहे. हिरडीचे म्हणाल तर, हिरडी दातापासून सुटून तेथे जी पोकळी होते तीत जंतू वस्ती करतात आणि प्रत्येक घासासरशी त्यांतील काही रक्तात उतरतात. अशा रुग्णांत ती सीआरपीची खूण वाढलेली असते, आणि हिरड्यांचे नीट उपचार केल्यावर रोहिणींच्या आतील थराचे काम सहा महिन्यांत सुधारल्याचे लंडनच्या संशोधकांनी 2007 साली दाखविले. हिरड्यांच्या उपचाराने झटके टळतात एवढे अजून सिद्ध झालेले नाही, हे मी जाणूनबुजून नमूद करतो. परंतु ज्या उपचाराने दात वाचतो, तोंड वाचते, आणि हृदयाला झाला तर लाभच होतो, त्यासाठी शेवटच्या पुराव्याची वाट पाहात बसण्याचे कारण मला दिसत नाही.

चुलीच्या धुराचीही कथा अशीच. केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक कण श्वासावाटे फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात, तेथे दाह पेटवितात आणि तो दाह रक्तावाटे रोहिणींपर्यंत जातो. गॅसची टाकी पुष्कळ घरांत आली खरी. परंतु दुसरी टाकी भरण्याचे पैसे नाहीत म्हणून ती कोपऱ्यात उभी आणि तिच्यावर हळदीकुंकवाचे बोट, शेजारी चूल चालू, असे दृश्य मी घरोघर पाहिले आहे.

तापाच्या बाबतीत तर पुरावा सर्वांत पक्का आणि उपाय सर्वांत सोपा. ब्रिटनमधील रुग्णनोंदींवरून 2004 साली असे दिसून आले की, श्वसनमार्गाच्या संसर्गानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचा संभव सुमारे पाचपट असतो. राखेखालच्या विस्तवावर तेथे फुंकरच बसते. आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या, शेजारच्या बांगलादेशासह आठ देशांतील अडीच हजार रुग्णांच्या प्रयोगात, झटक्यासाठी दाखल झालेल्यांना रुग्णालयातच फ्लूची लस टोचली असता वर्षभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण 4.9 टक्क्यांवरून 2.9 टक्क्यांवर आले. एका टोचणीत एवढे पदरात पाडणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. आपल्या जिल्हा रुग्णालयांतून झटक्याचा रुग्ण घरी सोडताना त्याला गोळ्यांची पुडी मिळते; तिच्याबरोबर ही लस मिळावी, यासाठी आपण पुढील अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी.

आता कागदांविषयी. आपल्या खात्याच्या आशा स्वयंसेविका तीस वर्षांवरील प्रत्येक माणसाची माहिती एका छापील तक्त्यात भरून घेतात. त्यांचे काम मी जवळून पाहिले आहे. उन्हातान्हात, घरोघर, पुष्कळदा उंबऱ्यात उभ्या राहून त्या ते करतात. त्या तक्त्यात तंबाखूचा प्रश्न आहे, कंबरेच्या मापाचा आहे, तोंडातील न भरणाऱ्या जखमेचा आहे, स्वयंपाकाच्या इंधनाचाही आहे. म्हणजे जे मी विचारले नाही, त्यांतले पुष्कळसे आपले खाते विचारीत आहे, याचे मला समाधान वाटते. परंतु तोंडाचे उत्तर कर्करोगाच्या खात्यात जमा होते, इंधनाचे फुप्फुसाच्या खात्यात, आणि हृदयासाठी पुढे उरतात ते रक्तदाब व साखर. ही उत्तरे जेथे एकाच बाईच्या नावापुढे एकत्र येतात, तेथे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरने एकदा तिचे तोंड उघडून हिरडी पाहावी, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दंतशल्यचिकित्सक असेल तर तिकडे चिठ्ठी द्यावी, सांधे सुजून आखडत असतील तर तेही विचारावे, कारण सांधेवाताच्या रुग्णांत हृदयविकाराने येणारा मृत्यू इतरांच्या सुमारे दीडपट आढळतो, आणि ही सर्व कलमे हृदयाच्या कागदावर उतरवून घ्यावी. यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही. एक लेखी हुकूम आणि दोन तासांचे प्रशिक्षण लागते.

सरसकट सर्वांची सीआरपी तपासणी मात्र आपण सुरू करू नये. साध्या पडशानेही तो आकडा वर जातो, दहाच्या पुढे गेला तर विस्तव हृदयाचा की दुसऱ्या कोठला हेही त्यावरून कळत नाही, आणि पंधरवड्याने पुन्हा तपासल्याखेरीज त्यावर विसंबता येत नाही; डॉक्टरला निर्णय अवघड वाटेल तेथेच ती करावी. शहरांतून आजकाल 'दाह घालविणारी' चूर्णे आणि पेये मोठ्या किमतीला विकली जातात. त्यांच्या जाहिरातींत ज्या शास्त्राचा हवाला असतो ते शास्त्र त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. आणि सर्वांत कळकळीचे सांगणे हे की, दाहाचे महत्त्व कळले म्हणून कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या कोणी बंद करू नयेत. त्या लाकूडही कमी करतात आणि विस्तवही मंद करतात. कोलेस्टेरॉल मर्यादेत पण सीआरपी वाढलेला अशा 17,802 लोकांवर 2008 साली झालेल्या प्रयोगात त्यांनी हृदयाच्या आपत्ती 44 टक्क्यांनी घटविल्या. मी कागदावर बोट ठेवून ज्या बाईला निर्धास्त केले, ती त्या 17,802 जणांसारखीच होती काय, हे कळण्याचा मार्ग आता नाही.

गेल्या महिन्यात मी त्या घरी जाऊन आलो. तिची सून आता पस्तिशीची आहे, नवऱ्याबरोबर मुंबई सोडून गावी परतली आहे, आणि माझ्यासमोरच आशाताई तिचा तक्ता भरावयास आल्या. "तंबाखू, गुटखा काही खाता का?" असे त्यांनी विचारले, तिने सरळ मनाने "नाही, बाई" म्हणून उत्तर दिले, आणि त्यांनी तक्त्यात तशी खूण केली. कोणी खोटे बोलले नव्हते. तिच्या लेखी तंबाखू ही खाण्याची वस्तू, आणि मिश्री ही लावण्याची. आशाताई उठल्यावर तिने चहाचे कप उचलले, तेव्हा तिची तर्जनी मला दिसली, पहिल्या पेरापर्यंत काळी. मी आशाताईंना अंगणातून परत बोलावले आणि तो प्रश्न मिश्रीचे नाव घेऊन पुन्हा विचारावयास सांगितला. खूण खोडून दुसरी झाली. हा प्रश्न प्रत्येक घरी त्याच नावाने विचारला जावा, असा हुकूम आपल्या सहीने निघावा, एवढी या पत्रातील पहिली मागणी समजावी. बाकीच्यांचा विचार आपण सवडीने केलात तरी चालेल.



आपला,
कृष्णाकाठचा एक निवृत्त डॉक्टर